एजंट मिळाला, पण पब्लिशर मिळेना: अमीश त्रिपाठीच्या पहिल्या पुस्तकाची केस

इंग्रजीत पहिली कादंबरी लिहून बसलेली मराठी मुलंमुली हल्ली बरीच भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न ठरलेला, लिटररी एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने पब्लिशरला पुस्तक विकणारा माणूस, कसा मिळवायचा? प्रश्न चांगलाच आहे, पण त्याच्या मागे एक समज असतो की एकदा एजंट मिळाला की आपलं काम संपलं, मग तो फोन फिरवणार, पब्लिशर लोक होकार देणार, अ‍ॅडव्हान्स येणार आणि आपण दुसरी कादंबरी लिहायला मोकळे. तसं होत नाही हे मला या लोकांना परत परत सांगावं लागतं, आणि दरवेळी मी एकच केस सांगते, अमीश त्रिपाठीच्या पहिल्या पुस्तकाची. पुस्तक किती खपलं वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते बाजूला ठेवा. त्यातली एजंटची बाजू फार कमी लोक नीट बघतात, आणि नवीन लेखकाला खरं तर तीच बघायची गरज आहे. म्हणून एकदा ही केस सविस्तर लिहूनच काढते.

आधी माणूस कोण होता ते. जन्म १९७४ चा, मुंबईचा. झेवियर्सला गणित, मग आयआयएम कलकत्त्याला एमबीए, मग बँका आणि इन्शुरन्स कंपनीत मार्केटिंग आणि प्रॉडक्ट मॅनेजमेंटची नोकरी. पब्लिशिंगमधे ओळख शून्य. आधी कुठे कथा छापून आलेली नाही, पत्रकारिता नाही, कुठल्या रायटिंग कोर्सचं सर्टिफिकेट नाही. म्हणजे एजंटला पाठवायच्या ईमेलमधे ‘माझ्याविषयी’ म्हणून जो परिच्छेद असतो ना, जिथे नवीन लेखक सगळ्यात जास्त घाबरतो, तिथे लिहायला याच्याकडेही काही नव्हतं. आणि मॅन्युस्क्रिप्ट काय, तर शंकर हा देव नसून हजारो वर्षांपूर्वी तिबेटातून आलेला एक माणूस होता आणि त्याच्या कर्मामुळे पुढे लोकांनी त्याला देव केलं, अशी कल्पना धरून लिहिलेली मोठी कादंबरी, तीही तीन भागांतला पहिला भाग. सुरुवात झाली होती वाईट म्हणजे नेमकं काय या विषयावरच्या तत्त्वज्ञानाच्या लिखाणापासून, घरच्यांनी सांगितलं की हे असं कोण वाचेल, गोष्ट कर, मग गोष्ट झाली. पुस्तकाचं नाव द इम्मॉर्टल्स ऑफ मेलुहा, मराठीतही ते आलेलं आहे, तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल.

नकार किती आले? वीसपर्यंत मोजले आणि मग मोजायचं सोडून दिलं असं त्याने स्वतः बऱ्याच मुलाखतींमधे सांगितलंय. आकड्यापेक्षा मला नकाराचं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं, तेही त्याने सांगितलंय. एका पब्लिशरचं म्हणणं असं की विषय धार्मिक आहे म्हणून तरुण वाचणार नाहीत, भाषा आजची बोलीतली आहे म्हणून वयस्कर भाविक वाचणार नाहीत, आणि साहित्यिक मंडळींना तर ही असली सोपी इंग्रजी चालणारच नाही, मग वाचणार कोण?

हे कारण नीट बघा कारण ते मूर्खपणाचं अजिबात नाही. पब्लिशरच्या ऑफिसमधे एडिटरला एकटीला पुस्तक आवडून भागत नाही, तिला सेल्सवाल्यांसमोर ते मांडावं लागतं आणि सेल्सवाले विचारतात हे कुठल्या शेल्फवर ठेवायचं, याच्यासारखं आधीचं कुठलं चाललंय. २००८-०९ च्या सुमाराला या प्रश्नाला सोपं उत्तर नव्हतं. तसं अगदीच काही नव्हतं असंही नाही, अशोक बँकरची रामायणावरची इंग्रजी मालिका २००३ पासून येत होती, आणि २००४ नंतर चेतन भगतने दाखवून दिलं होतं की किंमत शंभराच्या आसपास ठेवली आणि भाषा सोपी ठेवली तर आयुष्यात इंग्रजी कादंबरी हातात न घेतलेला पोरगाही ती विकत घेतो. म्हणजे पुराणातला विषय चालतो हे माहीत होतं, सोपी इंग्रजी चालते हेही माहीत होतं, पण दोन्ही एकत्र चालेल हे म्हणायला कुणी तयार नव्हतं. माझ्या मते चांगल्या एजंटचं काम नेमकं इथे असतं. या दोन गोष्टी जोडून दाखवायच्या, एडिटरच्या हातात असं वाक्य द्यायचं जे ती सेल्सच्या मीटिंगमधे जसंच्या तसं वापरू शकेल.

आता एजंट. अनुज बाहरी, दिल्लीचे, रेड इंक नावाची त्यांची एजन्सी. पण त्यांची खरी ओळख दुसरी आहे. दिल्लीच्या खान मार्केटमधलं बाहरीसन्स हे पुस्तकांचं दुकान त्यांच्या वडिलांनी, बलराज बाहरींनी, १९५३ मधे सुरू केलं, फाळणीनंतर तिकडून आलेलं कुटुंब, आणि अनुज त्याच दुकानात वाढलेले. म्हणजे हा एजंट मूळचा पुस्तकविक्रेता. मला ही गोष्ट सगळ्या केसमधे सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती कुणी सांगत नाही. एडिटर माणूस मॅन्युस्क्रिप्ट वाचताना वाक्यं बघतो, आधी काय छापलं गेलं ते बघतो. दुकानात उभा राहणारा माणूस गिऱ्हाईक बघतो. काउंटरवर येऊन कोण काय विचारतं, कुठलं पुस्तक उचलून परत ठेवतं, कॉलेजचा मुलगा आईबरोबर आला तर आई कुठल्या पुस्तकाचे पैसे द्यायला तयार होते, हे सगळं त्याच्या डोक्यात रोज जमा होत असतं. वाचणार कोण हा जो प्रश्न पब्लिशरला पडला होता त्याचं उत्तर अशा माणसाकडे असण्याची शक्यता जास्त. म्हणून एजंट शोधताना तो आधी काय करत होता हे जरूर बघा, एडिटर होता का, राइट्स विकत होता का, दुकान चालवत होता का, कारण त्यावरून त्याला तुमच्या पुस्तकात काय दिसेल हे ठरतं.

आणि तरीसुद्धा, एजंट असूनसुद्धा, पब्लिशर मिळाला नाही. हा भाग लोक विसरतात. एजंटचा शिक्का असला म्हणजे मॅन्युस्क्रिप्ट ढिगाऱ्यात न पडता एडिटरच्या टेबलावर जातं, ती ते वाचते आणि उत्तर देते, बहुतेक वेळा थोड्या लवकर देते. एवढीच हमी. होकाराची हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि जो एजंट पहिल्याच फोनवर ‘छापून देतो, काळजी करू नका’ म्हणतो त्याच्यापासून लांब राहा.

मग बाहरींनी काय केलं, तर पुस्तक स्वतः छापायचं ठरवलं. त्यांची स्वतःची छोटी प्रकाशनसंस्था होती, तिच्या तारा प्रेस या नावाखाली फेब्रुवारी २०१० मधे पुस्तक आलं.

इथे जरा थांबायला हवं. कारण हीच गोष्ट आज तुमच्याबाबतीत घडली तर मी तुम्हाला पहिलं काय सांगेन, सावध राहा. एजंट हा तुमच्या बाजूचा माणूस, त्याचं काम पब्लिशरकडून तुमच्यासाठी जास्तीत जास्त काढून घेणं. पब्लिशरचं काम कमीत कमी देऊन पुस्तक घेणं. दोन्ही माणसं एकच झाली तर तुमच्या बाजूने भांडणार कोण? इंग्लंड-अमेरिकेत एजंटांच्या संघटना या गोष्टीकडे फार कडक नजरेने बघतात आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे तर याच वाटेने भरपूर फसवणूक होते, एजंट म्हणून ओळख करून द्यायची, दोन महिने कुठे काही न पाठवता गप्प बसायचं, मग सांगायचं की सगळीकडून नकार आला पण तुमचं लिखाण इतकं छान आहे की आम्हीच छापतो, फक्त प्रॉडक्शनचा खर्च तेवढा तुम्ही करा.

मग मेलुहाच्या बाबतीत वेगळं काय होतं? फरक एकच आणि तो सगळ्यात मोठा, छपाईत जोखीम कुणाची. इथे एजंटने लेखकाकडे बिल न पाठवता पुस्तकावर स्वतःची पैज लावली. लेखकाने मार्केटिंगमधे स्वतःला झोकून दिलं, ते पुढे सांगते, पण पुस्तक पडलं असतं तर गोडाऊनमधे पडलेल्या प्रतींचं ओझं एजंटच्याही डोक्यावर होतं. कुणी तुम्हाला असा प्रस्ताव दिला तर एवढं एकच विचारा, पुस्तक चाललं नाही तर कुणाचे किती पैसे जातील? उत्तर देताना समोरचा अडखळला की समजून जा. आणि दुसरं, एजंटच जर पब्लिशर होत असेल तर त्या पुस्तकावर त्याने कमिशन घेऊ नये, आणि करार दुसऱ्या कुणीतरी, ओळखीच्या वकिलाने का होईना, वाचलेला असावा.

एजंट मुळात असं का करतात किंवा का करत नाहीत हे कळायला थोडा हिशोब करू, कारण नवीन लेखकांना पैशाचा भाग कुणी सांगतच नाही. साधारण पद्धत अशी की एजंट देशातल्या विक्रीवर १५ टक्के घेतो आणि परदेशात किंवा भाषांतराचे हक्क विकले तर २० टक्के, कारण तिथे बऱ्याचदा दुसरा एक एजंट मधे असतो. आता समजा तुमच्या पेपरबॅकची किंमत ३०० रुपये, रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, १० टक्के, म्हणजे प्रतीमागे ३० रुपये, बऱ्याचदा साडेसात टक्क्यांपासून सुरू होते पण धरू दहा. पहिल्या कादंबरीच्या ३००० प्रती विकल्या गेल्या, जे अजिबात वाईट नाही, तर झाले ९०,००० रुपये. त्यातले १५ टक्के म्हणजे एजंटला १३,५००. यासाठी त्याने काय केलं असेल, तर मॅन्युस्क्रिप्ट दोनदा वाचलं, सुधारणा सुचवल्या, दहा-पंधरा एडिटरना पाठवलं, आठवण करून दिली, करार वाचला, रॉयल्टी स्टेटमेंटच्या मागे लागला, हे सगळं दीड-दोन वर्षं. म्हणून भारतातल्या एजन्स्या छोट्या असतात, दोन-चार माणसांच्या, आणि त्यातले बरेच लोक बरोबरीने दुसरं काहीतरी करतात, कुणाचं दुकान, कुणी साहित्य महोत्सव भरवतं, कुणी एडिटिंगचं काम घेतं. तुम्हाला तीन महिने उत्तर आलं नाही म्हणजे तुमचं लिखाण वाईट असं नसतं, समोर एक माणूस बसलाय आणि त्याच्या इनबॉक्समधे शेकडो कादंबऱ्या आहेत.

याच हिशोबातून आणखी एक कीडही लागते, वाचायची फी. कमिशनवर भागत नाही म्हणून काही जण मॅन्युस्क्रिप्ट नुसतं वाचायचे पैसे मागतात. माझं मत अगदी स्पष्ट आहे, देऊ नका. अमेरिकेतल्या लिटररी एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत वाचनासाठी फी घेणं बसत नाही, आणि कारण सरळ आहे, वाचूनच पैसे मिळत असतील तर विकायची घाई कशाला. एडिटिंग हवंच असेल तर ते वेगळ्या माणसाकडून पैसे देऊन करून घ्या, त्यात गैर काही नाही, पण एडिटिंग विकणारा आणि एजंट हे एकच दुकान नसावं.

आता लेखकाचा वाटा. अमीश मार्केटिंगचा माणूस, आणि त्याने छपाईच्या आधीच विचार करून ठेवला होता की दुकानात आलेल्या माणसाला हे पुस्तक दिसणार कसं. कव्हर रश्मी पुसाळकरने केलं, त्यात कॅलेंडरवरचा शंकर नाही, पाठमोरा, अंगावर लढाईचे व्रण असलेला माणूस आहे. यूट्यूबवर ट्रेलर टाकला, २०१० मधे पुस्तकाचा ट्रेलर ही आपल्याकडे नवीनच गोष्ट होती. आणि मला सगळ्यात आवडतो तो पहिल्या प्रकरणाचा प्रकार. पहिलं प्रकरण वेगळं छापून त्याची छोटी पुस्तिका केली आणि ती दुकानांच्या बिलिंग काउंटरवर फुकट ठेवली. विचार करा, माणूस दुसरंच काहीतरी घ्यायला आलाय, रांगेत उभा आहे, हाताला काही काम नाही, समोर फुकट पुस्तिका, ती पिशवीत जाते, घरी वाचली जाते, आणि प्रकरण बरोबर अशा जागी संपतं की पुढचं हवंसं वाटतं. यात दुकानदाराला काही करायला लागत नाही, जाहिरातीचा बोर्ड लागत नाही, फक्त लेखकाचा स्वतःच्या पहिल्या प्रकरणावर पूर्ण विश्वास लागतो.

एजंटला पाठवायचे तीन चॅप्टर आणि ती काउंटरवरची पुस्तिका यांचं काम एकच आहे, समोरच्याने तुम्हाला मागितलेलं नाही, त्याच्याकडे वेळ नाही, आणि तरी पुढचं पान उलटावंसं वाटलं पाहिजे. कित्येक जण मला म्हणतात की सुरुवातीची चाळीस पानं जरा स्लो आहेत पण नंतर खूप रंगते. एजंट त्या ‘नंतर’पर्यंत पोचतच नाही हो. रंगते तिथून सुरू करा, मागचं नंतर सांगता येतं.

पुढचं थोडक्यात सांगते कारण ते माहीत असलेलं आहे. पुस्तक लगेच बेस्टसेलर यादीत गेलं, मग वेस्टलँड या पब्लिशरने ते घेतलं आणि पुढचे भाग त्यांनीच काढले, २०११ मधे दुसरा, २०१३ मधे तिसरा. अमीशने नोकरी सोडली ती २०११ च्या सुमाराला, म्हणजे पहिलं पुस्तक आल्याबरोबर नाही, हे नोकरी सोडून लिहायला बसणाऱ्यांनी जरा लक्षात घ्या. मार्च २०१३ मधे वेस्टलँडने त्याच्या पुढच्या मालिकेसाठी ५ कोटी रुपयांचा अ‍ॅडव्हान्स जाहीर केला, विषय ठरायच्या आधी. एजंटचा धंदा अशा एखाद्या लेखकावरच उभा असतो, समजा नुसत्या एक कोटीच्या अ‍ॅडव्हान्सवर १५ टक्के धरले तरी १५ लाख, आणि मघाचे १३,५०० आठवा. एजंट नवीन लेखक घेतो तेव्हा तो पहिल्या पुस्तकाचा विचार करत नसतो, तिसऱ्या-चौथ्याचा करत असतो. म्हणून त्याच्याशी बोलताना पुढे काय लिहिणार आहात ते जरूर सांगा, एक ओळ का होईना. अमीशकडे तर तीन भागांची योजना तयारच होती, आणि मला वाटतं पैज लावणाऱ्याला ते बघून धीर आला असणार.

आता आजच्या घडीला हे कसं वापरायचं? माझ्या ओळखीची एक मुलगी आहे सोलापूरची, बँकेत नोकरी करते आणि तिने पूर्व भागातल्या तेलुगू विणकर कुटुंबावर इंग्रजीत कादंबरी लिहिलीये. तिने एजंटला पाठवायचं पत्र मला दाखवलं. पहिलं वाक्य होतं, मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे. दुसरा परिच्छेद कादंबरीत स्त्रीमुक्ती, जागतिकीकरण आणि परंपरा यांचा संघर्ष आहे असा. माग कुठेच नाही, माणूस कुठेच नाही. मी तिला म्हटलं, अगं, तू मला चहा पिताना ही गोष्ट सांगितलीस तेव्हा कशी सुरू केलीस? तर तिने सांगितलं, घरात चार यंत्रमाग आहेत, थोरली सून रात्री मजुरीचे हिशोब लिहिते आणि लिहिता लिहिता तिला कळतं की सासऱ्यांनी माग कधीच गहाण टाकलेत, आणि नवऱ्याला ते माहीत आहे. झालं, हेच पहिलं वाक्य. त्याच्यापुढे सून काय ठरवते, त्यात काय पणाला लागतं, इतकं चार-पाच ओळीत, शेवट सांगायचा नाही, शेवट सिनॉप्सिसमधे, म्हणजे पूर्ण गोष्टीच्या सारांशात, येतो आणि तिथे मात्र तो लपवायचा नाही, रहस्यकथा असेल तर खून कुणी केला ते स्पष्ट लिहायचं. मग एक ओळ, कादंबरी पूर्ण आहे, ९०,००० शब्द, कुठल्या प्रकारची, आणि अलीकडच्या कुठल्या दोन पुस्तकांचा वाचक हिचाही वाचक होईल. मग स्वतःविषयी दोनच ओळी, पूर्व भागात वाढले, आजोबांचे माग होते, बँकेत लघुउद्योगांची कर्ज बघते. बघा, कुठेही छापून आलेलं नसताना हा परिचय किती भक्कम झाला! या गोष्टीला हीच लेखिका का, ते त्यातून आपोआप कळतं.

कादंबरी पूर्ण झालेली हवी, हे वेगळं सांगते कारण पुष्कळ जण तीन चॅप्टर लिहून पाठवतात आणि पूर्ण मॅन्युस्क्रिप्ट मागितलं की धावपळ. नॉन-फिक्शन असेल तर चालतं, तिथे प्रपोजल आणि एक-दोन नमुना प्रकरणं पाठवतात, पण पहिल्या कादंबरीला ही सवलत नाही. एकाच वेळी पाच-सहा एजंटना पाठवलं तर चालतं, फक्त पत्रात तसं एका ओळीत लिहा आणि एकाने हो म्हटलं की बाकीच्यांना लगेच कळवा. सगळ्यांना एकाच ईमेलमधे टाकून पाठवणं मात्र करू नका, उघडायच्या आधी डिलीट होतं.

कुणाला पाठवायचं? भारतात नावं मोजकीच आहेत, बंगळुरूची जकरांडा ही १९९७ पासूनची, जयपूरची सियाही, दिल्लीची रायटर्स साइड, रेड इंक आहेच, आणि हेमाली सोढी पेंग्विनमधून बाहेर पडल्यावर तिने २०२० मधे काढलेली अ सूटेबल एजन्सी. प्रत्येकीची आवड वेगळी आणि पाठवायचे नियमही वेगळे, ते नीट वाचून तसंच पाठवा, पन्नास पानं मागितली असतील तर पन्नासच. कुठल्या एजंटने तुमच्यासारखं पुस्तक विकलंय हे शोधायचा सोपा मार्ग म्हणजे पुस्तकाचं शेवटचं आभाराचं पान, लेखक तिथे एजंटचं नाव घेतोच. दुकानात उभं राहून दहा पुस्तकांची आभाराची पानं वाचली की तुमची यादी तयार.

मराठीत लिहिणाऱ्यांनी मात्र एजंटच्या मागे लागू नये, आपल्याकडे ती पद्धतच नाही. मौज, पॉप्युलर, राजहंस, मेहता, रोहन, कुणाकडेही हस्तलिखित थेट पाठवता येतं आणि तसंच पाठवतात. मराठी लेखकाला एजंट लागतो तो पुस्तक इंग्रजीत जायची वेळ आली की, आणि तिथे एक गोष्ट आधीच सांभाळावी लागते, मूळ मराठी करारात भाषांतराचे हक्क स्वतःकडे ठेवलेत का. ते पब्लिशरला देऊन टाकले असतील तर एजंटकडे विकायला काही उरतच नाही. मी असे करार पाहिलेत ज्यात एका ओळीत ‘सर्व भाषांतील सर्व हक्क’ लिहिलंय आणि लेखकाने आनंदाच्या भरात सही करून टाकलीये.

हक्कांवरून परत अमीशच्या केसकडे येते, कारण तिचा शेवटचा भाग सगळ्यात शिकवणारा आहे. २०१२ मधे करण जोहरच्या धर्मा प्रॉडक्शन्सने मेलुहाचे सिनेमाचे हक्क घेतले, मोठी बातमी झाली, सिनेमा काही झाला नाही आणि मुदत संपल्यावर हक्क लेखकाकडे परत आले. परत आले कारण मुदत होती. मुदत नसती तर ते आजही कुठल्यातरी फाइलमधे पडून असते आणि लेखक काही करू शकला नसता. मग वेस्टलँड. ती आधी टाटांच्या ट्रेंटकडे होती, मग अ‍ॅमेझॉनने विकत घेतली, आणि फेब्रुवारी २०२२ मधे अ‍ॅमेझॉनने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. महिना-दोन महिन्यांची मुदत, शेकडो लेखकांची पुस्तकं बाजारातून जायच्या बेतात, दुकानदार उरलेल्या प्रती मागवून घेतायत, वाचक घाईने खरेदी करतायत. अमीशची पुस्तकं हार्परकॉलिन्सकडे गेली. वेस्टलँडची टीम पुढे प्रतिलिपी या ऑनलाइन कथांच्या कंपनीबरोबर परत उभी राहिली, बरेच लेखक तिकडे गेले, काही दुसरीकडे.

अशा वेळी एजंट असलेल्या आणि नसलेल्या लेखकात काय फरक पडतो? एजंट असलेल्या लेखकाचे करार कुणीतरी वर्षानुवर्षं फाइलला लावलेले असतात, त्याला लगेच कळतं की हक्क कधी परत येणार, कुठल्या एडिटरला फोन करायचा, ई-बुक आणि ऑडिओचं काय. नसलेल्याला आधी दहा वर्षांपूर्वीचा करार शोधायला लागतो. पुस्तक छापून देणं हे एजंटच्या कामातलं एकच काम आहे, आणि पब्लिशर अडचणीत आल्यावर जे करावं लागतं ते त्याहून मोठं आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून त्या सोलापूरच्या मुलीला मी सांगितलंय की एजंटचा फोन आला की तिथल्या तिथे हो म्हणायचं नाही, आठवडाभर मागून घ्यायचा. त्याच्या यादीतल्या दोन लेखकांशी बोलायचं, शक्यतो ज्यांचं पहिलं पुस्तक फारसं चाललं नाही अशांशी, कारण चाललेल्या लेखकाला सगळेच एजंट चांगले वाटतात. पंधरा नकार आले तर काय कराल हे त्याला सरळ विचारायचं, कुणाला कधी पाठवलं आणि काय उत्तर आलं त्याची यादी दर तीन महिन्यांनी देणार का हेही विचारायचं. एजंटबरोबरच्या करारात बघायचं की सोडायचं असेल तर किती दिवसांची नोटीस, आणि सोडल्यावर फक्त त्याने विकलेल्या पुस्तकांवरच कमिशन जाईल ना, पुढे लिहिलेल्यांवर नाही. आणि पब्लिशरचा करार आला की सगळ्यात आधी ‘हक्क परत’ हे कलम शोधायचं, पुस्तक किती महिने उपलब्ध नसलं की हक्क परत येतात, पब्लिशर बंद पडला किंवा विकला गेला तर काय, सिनेमाचे हक्क असतील तर मुदत किती वर्षांची. कलम नसेल तर एजंटला ते घालून घ्यायला सांगायचं, आणि तो नको म्हणाला तर का नको ते ईमेलवर लिहून मागायचं.